सिग्नल सुटताना

गुरुवार, ३ जुलै

दाभोळकर कॉर्नरचा सिग्नल सुटला, क्लच सोडत मूठ पिळली आणि गाडीनं आवंढा गिळला. इंजिन बंद पडलं नाही. क्षणभर आवाज खाली बसला, सीटखालून फस्स झालं आणि मग हिसका देऊन गाडी सुटली. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला, शेजारच्या स्कूटरवरच्या पोरानं वळून बघितलं. मोटारसायकलवर बाई असली आणि गाडी हिसका खाऊन निघाली, की दोष गाडीचा असेल असं कुणाच्याही मनात येत नाही.

चाळीसच्या पुढं गेली की हिची एक तक्रार नाही. हायवेला शिरोलीपर्यंत नेली तर मुठीला लगेच जागते. त्रास फक्त उभ्या जागेवरून निघताना, मूठ पहिल्या पाव भागात असताना. शहरात मूठ बहुतेक वेळ तेवढीच फिरते, हा भाग वेगळा.

गाडी दीडशे सीसीची, २०१८ सालची, कार्ब्युरेटरवाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा लागू झालं आणि नव्या दुचाक्यांत जवळजवळ सगळीकडं फ्युएल इंजेक्शन आलं. तशा गाडीला हेच दुखणं असतं तर थ्रॉटल बॉडीतला कार्बन, थ्रॉटलचा सेन्सर, पंपाचं प्रेशर असं बघावं लागलं असतं, आणि निम्मं काम स्कॅनर लावून झालं असतं. आमच्या गाडीला स्कॅनर जोडायला जागाच नाही. पान्हा, कान आणि नाक एवढ्यावर भागवायचं.

शुक्रवार, ४ जुलै

गल्लीच्या तोंडाशी मिस्त्रींचं गॅरेज आहे. गाडी नुसती स्टँडवर लावली तोवर निदान तयार. "मॅडम, कार्ब्युरेटर खोलून साफ करूया. पेट्रोलच तसलं यायलंय. असल्या लई गाड्या यायल्यात."

ते बरोबर असतीलही. पण कार्ब्युरेटर खोलला की एका दमात पाच गोष्टी बदलतात. जेट साफ होतात, फ्लोट हलतो, पॅकिंग नवं येतं, मिक्श्चरचा स्क्रू जागचा सरकतो, डायफ्रॅमची घडी बदलते. गाडी बरी झाली तरी कशानं झाली ते कळत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात आपण पुन्हा त्याच स्टँडवर. मी थोडं बघून मग आणते म्हटलं. "बघा की! नाडी बघा," म्हणाले आणि हसून दुसऱ्या गाडीकडं वळले.

संध्याकाळी आबांना सांगितलं. त्यांचं आयुष्य शिवाजी उद्यमनगरात लेथवर गेलं, ऑइल इंजिनांचे पार्ट करण्यात. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "गाडी अडतीया का इंजिन अडतंय?"

या प्रश्नाला उत्तर असतं. मूठ पिळल्यावर इंजिनचा आवाज चढला पण गाडी जागची सुटली नाही, तर क्लच प्लेट घसरतेय. आवाजच खाली गेला, तर इंजिनला काहीतरी कमी पडतंय किंवा चाक कुणीतरी धरून ठेवलंय. मधल्या स्टँडवर गाडी घेतली, दोन्ही चाकं हातानं फिरवली. मोकळी. ब्रेक धरत नाही. चेन ना सैल ना ताठ. क्लचच्या दांडीला जरासा खेळ आहे, जेवढा हवा तेवढा. म्हणजे अडतंय ते इंजिनच.

रविवार, ६ जुलै, आषाढी

नंदवाळच्या वाटेवर गाडी म्हणजे हौसच. दिंड्या, टाळ, मधूनच एक सर, परत ऊन. दहा पावलं चालायचं, थांबायचं, पुन्हा निघायचं. ज्या परिस्थितीत दुखणं उमटतं ती परिस्थिती विठ्ठलानं फुकटात पुरवली. इंजिन चांगलं तापलं आणि प्रत्येक निघण्याला गाडी गुदमरू लागली.

काही दिवसांपासून एक गोष्ट मनात होती. सकाळी गार इंजिनवर चोक ओढून निघते तेव्हा पहिल्या कोपऱ्यापर्यंत गाडी अजिबात अडखळत नाही. चोक बंद केला की त्रास सुरू. म्हणून आज गर्दीतच, तापलेल्या इंजिनवर चोक अर्धा ओढला. स्लो रेस जरा चढली, आणि पुढच्या वेळी गाडी सरळ निघाली. चोक बंद केला, पुन्हा आवंढा. ओढला, पुन्हा सरळ.

चोकचं काम मिश्रणात पेट्रोलचा वाटा वाढवणं. पेट्रोल आधीच जास्त जात असतं तर चोक ओढल्यावर गाडी काळा धूर टाकून बसली असती. ती सुधारली, म्हणजे पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. एका दांडीनं निम्मे संशयित सुटले. तुंबलेला एअर फिल्टर सुटला, कारण त्यानं पेट्रोलचा वाटा वाढतो. ओव्हरफ्लो होणारा फ्लोट सुटला. अडकलेला चोकही सुटला.

परतताना वारकऱ्यांच्या एका टोळक्यानं राजगिऱ्याचा लाडू हातावर ठेवला. चोक ओढायचा, लाडू खायचा आणि क्लच सोडायचा, हे तिन्ही एका वेळी जमत नाही.

मंगळवार, ८ जुलै

मिस्त्रींचं "पेट्रोलच तसलं" हे वाक्य डोक्यातून जात नव्हतं. शिवाय मी शिकवते भौतिकशास्त्र, आणि रसायनची प्रयोगशाळा शेजारीच. तिथल्या मॅडमना पटवलं. बर्नर बंद, खिडक्या उघड्या, वर्ग सुटलेला. शंभर मिलिलिटरच्या मोजपात्रात ८० मिलि पेट्रोल आणि २० मिलि पाणी घेतलं. बूच लावून हलवलं, मधून मधून वाफ सोडली आणि ठेवून दिलं.

इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाण्याची ओढ जास्त. ते वरचा थर सोडून खाली उतरतं आणि पाण्याचा थर फुगतो. थोड्या वेळानं दोन थरांमधली रेघ स्वच्छ झाली. खालचा थर विसावर होता, तो पस्तिशीच्या किंचित वर येऊन थांबलेला. ऐंशीत पंधरा-सोळा, म्हणजे साधारण एक पंचमांश. पंपवाल्याची काही लबाडी नाही. २०१४ मध्ये देशात पेट्रोलमध्ये दीड टक्क्याच्या आसपास इथेनॉल मिसळलं जात होतं, २०२२ मध्ये ते दहा टक्क्यांवर गेलं. वीस टक्क्यांचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते अलीकडं २०२५ वर आणलं. माझ्या टाकीत सरकारनं सांगितलेलंच आहे.

आता याचा गाडीवर परिणाम काय? एक किलो निव्वळ पेट्रोल पुरतं जाळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला ९ किलो. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला येते साधारण साडेतेरा. जेटचं भोक मात्र तेवढंच. म्हणजे दहा टक्क्यांच्या पेट्रोलवर जे मिश्रण नीट होतं, ते विसावर सुमारे चार टक्क्यांनी पातळ झालं. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हे बघतो आणि इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. जेटला बघता येत नाही.

तरी सगळा दोष पेट्रोलवर ढकलायला माझं मन घेत नाही. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांची गाडी याच कंपनीची, याच सालची, याच पंपावर भरणारी, आणि सिग्नलला व्यवस्थित सुटते. चार टक्क्यांनी धडधाकट गाडी अडखळत नाही. आधीच काठावर उभी असलेली असेल, तर मात्र तेवढंही पुरतं. आमची काठावर कशानं आली, ते शोधायचं.

बुधवार, ९ जुलै

मामा आले होते. प्रयोगशाळेतली गोष्ट सांगितली तर त्यांचा चेहराच बदलला. त्यांचा ऊस जातो कारखान्याला, कारखान्याला डिस्टिलरी. "म्हंजे आमच्या उसानं तुझी गाडी बिघडली व्हय?" तसं नाही मामा, म्हटलं. "मग कसं?" मी १४.७ आणि ९ चं गणित काढलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि एफआरपीचं, म्हणजे उसाच्या दराचं गणित काढलं. ते जास्त लांबलं.

शनिवार, १२ जुलै

आज दुपार मोकळी. जे न खोलता बघता येतं ते सगळं बघितलं.

टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं तर टाकीत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल उतरत नाही. पण तो त्रास लांब पळवल्यावर होतो, सिग्नलला नाही. तरी पाइप काढून बाटलीत धार बघितली. झाकण लावून आणि उघडून सारखीच. प्लगचा गॅप ठीक, ठिणगी निळी. प्लगचं नाक मात्र खडूसारखं पांढुरकं. तांबूस तपकिरी हवं. म्हणजे चोकनं जे तोंडी सांगितलं ते प्लगनं लेखी दिलं. टॅपेट गार इंजिनवर बघितले, पुस्तिकेत दिल्याप्रमाणे इनटेक ०.०५ आणि एक्झॉस्ट ०.१० मिलिमीटर. पाती हवी तशी घासून गेली.

मग मिक्श्चरचा स्क्रू. आमच्या कार्ब्युरेटरला तो इंजिनच्या बाजूला, खालून आहे. बाहेर सोडला की पेट्रोल वाढतं. आधी हलक्या हातानं आत बसवून किती फेऱ्यांवर होता ते वहीत टिपलं, मग इंजिन गरम असताना थोडा थोडा सोडत गेले. नीट गाडीत या स्क्रूला अर्धा आटा फिरवला तरी आवाज बदलतो. इथं काहीच फरक नाही. नळ सोडावा आणि पाणी जसंच्या तसं राहावं, असा प्रकार.

याचे अर्थ दोन. एक तर पायलट जेट किंवा त्याच्या पुढच्या बारीक वाटा बुजल्या आहेत, त्यामुळं स्क्रू सोडून उपयोग नाही. किंवा कार्ब्युरेटर आपलं काम करतोय, पण त्याच्या पुढं कुठून तरी हवा आत शिरतेय आणि केलेलं काम पुसतेय. पहिल्यासाठी खोलावं लागेल. दुसरं न खोलता कळतं.

रविवार, १३ जुलै

इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली घेतली. काहीजण यासाठी कार्ब्युरेटर क्लीनर मारतात, काही महाभाग पेट्रोलही. तापलेल्या सिलिंडरवर पेट्रोल शिंपडणाऱ्याच्या धैर्याला नमस्कार. पाणी पुरतं. जिथून हवा ओढली जाते तिथं पाण्याचा थर क्षणभर बूच बनतो आणि इंजिनचा आवाज बदलतो.

इंजिन गरम, स्लो रेसवर. कार्ब्युरेटरच्या वरच्या टोपणापाशी फवारलं, काही नाही. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डच्या रबराच्या क्लिपपाशी, काही नाही. मॅनिफोल्ड जिथं सिलिंडर हेडला दोन बोल्टांनी बसतो तिथं वरून मारलं, काही नाही. मग बाटली वाकडी करून खालून मारलं, आणि फरफरणारं इंजिन एकदम सलग चालायला लागलं. चार-पाच ठोके नीट, पाणी सुकलं, परत फरफर. पुन्हा मारलं, पुन्हा सलग. आबा खुर्चीवरून न उठता म्हणाले, "घावलं."

मनातलं कोडंही तिथंच सुटलं. स्लो रेसला कार्ब्युरेटरची फुलपाखरासारखी चकती जवळजवळ बंद असते. तिच्या मागं, इंजिनच्या बाजूला, ओढ सगळ्यात जोराची, आणि हवा जाते अगदी थोडी. त्यात फटीतून आलेली चमचाभर चोरटी हवाही मोठा वाटा होते. मूठ पिळली की चकती उघडते, ओढ उतरते, आणि हवेचा लोंढा इतका वाढतो की फटीतली हवा हिशेबातही येत नाही. म्हणून हायवेला गाडी शहाणी.

राहिला तो मधला क्षण. मूठ अचानक फिरवली की हवा ताबडतोब धावते, पेट्रोल मागं रेंगाळतं; थोडं तर नळीच्या भिंतीलाच चिकटतं. आमच्यासारख्या कार्ब्युरेटरमध्ये मूठ फक्त चकती उघडते. आतला पिस्टन डायफ्रॅमच्या ओढीनं मागून सावकाश वर येतो, तो याच क्षणाला सांभाळून घ्यायला. आबांच्या येझदीत तसं नव्हतं, केबल सरळ पिस्टनलाच. मूठ भसकन पिळली की ती पण गुदमरायची, म्हणून आबांचा हात अजून मुठीवर हळू असतो. पण सगळ्या युक्त्या धरून चालतात की सुरुवातीचं मिश्रण बरोबर आहे. तेच पातळ असलं तर त्या क्षणी पेटण्याजोगं काही उरत नाही.

मंगळवार, १५ जुलै

कॉलेजहून आल्यावर कार्ब्युरेटर सोडवला, दहाच्या पान्ह्यानं मॅनिफोल्डचे दोन बोल्ट काढले. फ्लँजवर जुन्या लाल सीलंटचे ओघळ. म्हणजे हा सांधा माझ्या आधी कुणीतरी उघडलाय, तो गळतोय हे त्यालाही कळलं होतं, आणि त्यानं लाल पेस्ट फासून बोल्ट जीव खाऊन आवळलेत. खोबणीतली ओ-रिंग वरून चपटी आणि लाकडागत कडक. नख दाबलं तर उमटत नाही.

नवी ओ-रिंग टाकून मोकळं व्हावं असं मला वाटत होतं. आबांनी फ्लँज हातात घेतला, खिडकीकडं धरला आणि ट्रंकेतून जाड काचेचा तुकडा काढायला लावला. काचेवर निळ्या रंगाचा पातळ हात फिरवला, फ्लँज त्यावर ठेवून जरासा हलवला आणि उलटा करून दाखवला. दोन्ही कानांवर निळं लागलेलं, मधे भोकाभोवती कोरं. फीलर गेजची ०.१० ची पाती मधल्या फटीतून आरपार.

"बघ," म्हणाले. "दोन्ही टोकांस्नी बोल्ट, मधी आधार न्हाई. जास्त आवळला की कान खाली जात्यात आन् पोट वर येतंय. रिंग बिचारी किती फुगंल?"

काचेवर ओला चारशेचा एमरी पेपर अंथरला. फ्लँज त्यावर इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवायचा, दाब बोटांच्या टोकांचा, आणि दर थोड्या वेळानं पाव वळसा देऊन पुन्हा. एकाच दिशेनं घासलं तर एक बाजू उतरते. पाणी करडं झालं, मग शिशासारखं. निळं लावून बघायचं, पुसायचं, घासायचं. कानांवरचे निळे ठिपके पसरत पसरत भोकाच्या दिशेनं आले. मी अजून चार हात मारायला घेतले तर त्यांनी मनगट धरलं. ओ-रिंगची खोबण ह्याच तोंडात आहे. तोंड जेवढं घासू तेवढी ती उथळ होणार, आणि मग रिंग जास्त चिरडणार. निळी कडी भोकाभोवती अखंड दिसली की हात थांबवायचा. त्यांचे हात थरथरतात हल्ली, चहाची कपबशी वाजते. एमरीवर थरथर दिसली नाही.

शनिवार, १९ जुलै

ओ-रिंग उद्यमनगरातल्या दुकानात मिळाली. जुनी दाखवू नका, ती चपटी झाल्यानं माप चुकतं, खोबणीचं माप सांगा, असं आबांनी बजावून पाठवलं होतं. दुकानदारानं एका फटक्यात पुडी काढली. पेट्रोलला टिकणारी, इथेनॉल चालेल असं विचारून घेतलेली. एक बसवायची, एक ठेवणीतली.

कार्ब्युरेटर बाहेर होताच, तर बाउलही उघडला. तळाशी पिठासारखा पांढरट गाळ, अगदी थोडा. पायलट जेट उजेडाकडं धरला. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक, पण पलीकडचं आभाळ स्वच्छ दिसलं. तरी गळाच्या नायलॉन दोऱ्यानं एकदा पुसून घेतलं. तार घालायची नाही, पितळ मऊ असतं. डायफ्रॅम ताणून उजेडात धरला, टाचणीएवढंही भोक नाही. परवा मिस्त्रींनी हाच कार्ब्युरेटर चकचकीत करून दिला असता आणि गाडी तशीच गुदमरत राहिली असती. त्यांचा दोष नाही. त्यांच्याकडं ओळीत सात गाड्या उभ्या असतात, फवाऱ्याची बाटली घेऊन बसायला वेळ कुठला.

बोल्ट सहा मिलिमीटरचे, सुमारे १० न्यूटन-मीटर आवळायचे. तेवढा जोर किती ते हाताला समजावं म्हणून टॉर्क रेंच मागून आणला. वाटलं होतं त्यापेक्षा फार कमी निघाला. एकदा हा बोल्ट, एकदा तो, पाव पाव आटा. सीलंट नाही.

स्टार्ट केल्यावर स्लो रेस एवढी खाली आली की इंजिन बंदच पडलं. साहजिक आहे, फटीतल्या हवेवर गाडी इतके दिवस चालत होती आणि त्या हिशेबानं कुणीतरी रेसचा स्क्रू लावलेला. तो चढवला. मग मिक्श्चरचा स्क्रू, आणि आता त्याला जीभ फुटलेली. आत घेतला की इंजिन लंगडतं, सोडला की सावरतं, फार सोडला की जड होतं. सावरल्याच्या जागेपेक्षा किंचित बाहेर ठेवला, वीस टक्क्यांच्या पेट्रोलला तेवढी सूट.

टेंबलाईच्या चढावर गाडी थांबवली, पुढचा ब्रेक धरला, अर्ध्या क्लचवर सोडली. सरळ निघाली. पुन्हा थांबवली, मुद्दाम भसकन मूठ पिळली. निघाली.

गुरुवार, २४ जुलै

प्लग काढून बघितला, नाक पिवळसर तपकिरी व्हायला लागलंय. मिस्त्री गाडी जाताना बघतात, आज थांबवून विचारलं, "खोलला का न्हाई शेवटी?" खोलला, पण शेवटी, म्हटलं. मग फ्लँजची हकिकत सांगितली. त्यांनी लगेच समोरच्या गाडीच्या मॅनिफोल्डखाली बोट फिरवून बघितलं आणि ओ-रिंग कुठल्या दुकानात मिळाली ते विचारून घेतलं.

एक गोष्ट उरली आहे. पावसाळी गार सकाळी चोक पूर्वीपेक्षा जरा जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो. हा मात्र इथेनॉलचाच गुण; त्याची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते, आणि गार इंजिनकडं ती नसते. उपाय काही नाही, अर्धा मिनिट लवकर निघायचं. मामांना हे सांगितलेलं नाही.